उजेड डोळ्यांत येतो, की नजर बाहेर जाते?

पालकहो,

आज रात्री जेवणं उरकली की एक छोटं काम करा. मुलाच्या किंवा मुलीच्या हातात कोरा कागद द्या आणि चित्र काढायला सांगा. वर लोंबणारा बल्ब, खाली टेबलावर पुस्तक आणि समोर पुस्तकाकडे बघणारी मुलगी. चित्र झालं की विचारा, ‘‘हिला पुस्तक दिसतं ते कसं? बाण काढून दाखव बरं.’’ आणि मग गप्प बसा. मदत करायची नाही, भुवया उंचवायच्या नाहीत, ‘शाळेत हेच शिकवतात का?’ असं तर अजिबात म्हणायचं नाही.

काय होईल ते मी आत्ताच सांगते. काही मुलं बल्बपासून पुस्तकापर्यंत बाण काढून थांबतील. काही बल्बभोवती पिवळा गोल रंगवतील. त्यांच्या मते खोलीत उजेड ‘आहे’, तो कुठून कुठे जातो हा प्रश्नच त्यांना पडलेला नसतो. आणि बरीचशी मुलं दोन बाण काढतील, एक बल्बपासून पुस्तकाकडे आणि दुसरा मुलीच्या डोळ्यापासून पुस्तकाकडे. बल्बपासून पुस्तकाकडे आणि पुस्तकापासून डोळ्याकडे असे दोन बाण काढणारं मूल तुमच्या घरात असेल, तर त्याचं कौतुक करा. नसेल तर काळजी करू नका, कारण आपल्या निफाड तालुक्यातली मुलं त्या बाबतीत जगाच्या मागे नाहीत. जगभरातल्या मुलांची हीच गत आहे.

हे मी मनाने सांगत नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुलं विज्ञान कसं समजून घेतात, कुठे अडखळतात, ह्याचा अभ्यास तिथे १९७४ सालापासून चालतो. तिथल्या डॉ. जयश्री रामदास ह्यांनी इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या रोझलिंड ड्रायव्हर ह्यांच्यासोबत माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या प्रकाशाविषयीच्या कल्पनांवर काम केलं. १९८९ साली त्याचा अहवाल निघाला. फ्रान्समध्ये एडिथ गेन ह्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना असेच प्रश्न विचारले होते. अशा अभ्यासांतून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे येते. मुलांच्या लेखी प्रकाश म्हणजे दिवा, नाहीतर भिंतीवर पडलेला उजेडाचा डाग. ह्या दोन्हींच्या मधे काहीतरी प्रवास करतं, हे त्यांना जाणवत नाही. आणि बघणं हे डोळ्यांचं काम. उजेड फक्त सोबतीला लागतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या मुलीला आठवीत प्रकाशाच्या धड्यावर पैकीच्या पैकी गुण आहेत. असतीलच. आपाती किरण, परावर्तित किरण, स्तंभिका, दोन्ही कोन समान, हे तिला तोंडपाठ असतं. सहावीत छाया, आठवी-नववीत परावर्तन, दहावीत अपवर्तन आणि भिंगं, असा हा विषय पाच वर्षं मुलांच्या मागे असतो. पण पुस्तकातला किरण कागदावर राहतो आणि मनातली समजूत मनात राहते. दोघांची गाठच पडत नाही. पेपरात प्रश्न आरशाचा येतो. ‘तुला समोरची म्हैस कशी दिसते?’ असा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून ही फट कुणाच्या लक्षात येत नाही.

मुलाचं उत्तर चुकलं म्हणून त्याला वेड्यात काढू नका, ह्याचं आणखी एक कारण आहे. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असं भूमितीचा बाप म्हणवला जाणारा ग्रीक विद्वान युक्लिड मानत होता. आपल्याकडच्या न्यायदर्शनातही डोळा हे तेजाचं इंद्रिय मानलं होतं; त्याचे किरण वस्तूपर्यंत जातात, असं नैयायिक म्हणत आणि पुरावा म्हणून रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या चमकणाऱ्या डोळ्यांकडे बोट दाखवत. बौद्ध पंडितांनी त्यांच्याशी ह्यावर वाद घातले. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथमने प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं एक म्हणणं साधं होतं : सूर्याकडे बघितलं की डोळा दुखतो. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. ज्या प्रश्नावर एवढ्या विद्वानांनी शतकानुशतकं डोकं घातलं, तो आपल्या पोराला एका तासात सुटावा ही अपेक्षाच जास्तीची आहे. आणि आपण मोठे तरी कुठे सुटलोय? मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढताना बघणाऱ्याच्या डोळ्यांतून काहीतरी निघून लेकराला लागलं, असंच आपण धरून चालतो. अमेरिकेत जेराल्ड वायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर त्यांच्यातही बऱ्याच जणांना बघताना डोळ्यांतून काहीतरी बाहेर जातं असं वाटत होतं.

नैयायिकांचा तो पुरावा आपल्या भागात अगदी रोजचा आहे. रात्रीची लाईट असली की दारं धरायला मळ्यात जावं लागतं. गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो, म्हणून हातात बॅटरी असतेच. बॅटरीच्या झोतात लांबवर दोन हिरवट-पिवळे ठिपके चमकले की काळजाचं पाणी होतं. घरी आल्यावर हे ऐकणारं पोर मनात पक्कं करतं, की बिबट्याच्या डोळ्यांत दिवे असतात, म्हणूनच त्याला अंधारात दिसतं.

ह्याचा पडताळा बिबट्यावर घ्यायचा नाही. घरातलं मांजर पुरे. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा. मांजराचे डोळे चमकतात का? नाही. आता बॅटरी कानाशी, आपल्या डोळ्यांच्या अगदी जवळ धरून मांजराकडे पाडा. चमकले! बॅटरी बंद, चमक बंद. बॅटरी हात लांब करून बाजूला धरा, चमक मंदावते. मग मुलालाच विचारा, ‘‘दिवा मांजराचा की आपला?’’ मांजर, बिबट्या, गाय ह्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे एक चकचकीत थर असतो. आत गेलेला उजेड तो आल्या वाटेने परत पाठवतो. त्यामुळे दृष्टिपटलाला त्याच उजेडाचा दुसऱ्यांदा उपयोग होतो आणि थोड्या उजेडातही जनावराला बरं दिसतं. उसाच्या ट्रॉलीमागे लावलेला रिफ्लेक्टर वेगळ्या बनावटीचा असला, तरी काम तेच करतो : आलेला उजेड गाडीवाल्याकडेच परत. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल तर काय होतं, ते आपल्या रस्त्यांवर कुणाला सांगायला नको.

रात्रीचाच विषय निघालाय, तर आणखी एक प्रश्न विचारा. ‘‘जिथे उजेडाचा कणही नाही अशा खोलीत आपण तासभर बसलो, तर समोरचा टोमॅटो दिसेल का?’’ बहुतेक मुलं म्हणतात, ‘‘आधी नाही, पण डोळे सरावले की दिसेल.’’ त्यांचाही अनुभव खोटा नाही. लाईट गेल्यावर थोड्या वेळाने घर दिसायला लागतं, कारण खिडकीतून चांदण्याचा, शेजारच्या वस्तीवरच्या दिव्याचा उजेड येतच असतो. खरा काळोख मुलांनी बघितलेलाच नसतो. कोठीच्या खोलीच्या फटी गोधड्यांनी बुजवून बघा. एक तर टोमॅटो दिसत नाही, किंवा कुठून उजेड येतोय ती फट सापडते. दोन्हीतून शिकणं होतं.

आता सगळ्यात अवघड जागेकडे येऊ. आरसा उजेड परत पाठवतो, हे मुलांना मान्य असतं. पण भिंत, कागद, शर्ट, भाकरी, माणसाचा चेहरा, हेही उजेड परत पाठवतात म्हणून आपल्याला दिसतात, हे काही केल्या पटत नाही. गुळगुळीत फरशीवर चेंडू टाकला तर तो कुठे उसळेल हे सांगता येतं. खडबडीत दगडावर ज्वारी ओतली तर दाणे चहूकडे उडतात. भिंतीवर पडलेल्या उजेडाचं त्या ज्वारीसारखं होतं. तो सगळीकडे उधळतो, म्हणून खोलीतल्या कुठल्याही कोपऱ्यातून भिंत दिसते. आरसा तसं करत नाही, म्हणून त्याचा कवडसा एकाच जागी पडतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दुपारच्या उन्हात पांढऱ्या भिंतीजवळ लाल लुगडं वाळत घाला. भिंत लालसर होते. लुगड्यावरून निघालेला उजेड भिंतीवर पोचला, त्याशिवाय हे होत नाही. लग्नाचे फोटो काढणारा पांढरी छत्री कशाला उघडतो, हेही मुलांना मग आपोआप उमगतं. पत्र्याच्या शेडला पडलेल्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते, ती बाजूने दिसते कशी? झाडूने थोडी धूळ उडवा, तिरीप ठळक होते. पाणी शिंपडून धूळ बसू द्या, तिरीप पुसट होते. जमिनीवरचा कवडसा मात्र तसाच राहतो. उजेड जात होताच, पण तो आपल्या डोळ्यांकडे वळवणारं वाटेत कुणी नव्हतं. आणि भोक लहान असेल तर, मग ते चौकोनी असो की वेडंवाकडं, खाली कवडसा गोलच का पडतो, हा प्रश्न मुलांसाठी ठेवून द्या. तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते.

दोन खेळ आणखी, दोन्ही बिनखर्चाचे. कपाटाच्या आरशासमोर उभं राहा आणि विचारा, डोक्यापासून पायापर्यंत दिसायला केवढा आरसा लागेल? ‘आपल्याएवढा’ किंवा ‘मागे सरकलं की लहानही चालेल’ अशी उत्तरं येतील. प्रत्यक्षात उंचीच्या निम्मा आरसा नीट उंचीवर टांगला तर पुरतो, आणि मागे सरकून काही फरक पडत नाही. वर्तमानपत्र चिकटवून आरसा झाकत झाकत मोजून बघा. दुसरा खेळ आबांच्या वाचायच्या चष्म्याचा. दिवसा खोलीत थोडा अंधार करा, उघड्या खिडकीसमोर चष्मा धरा आणि मागे पांढरा कागद पुढेमागे करा. दोन नंबरचा चष्मा असेल तर साधारण अर्ध्या मीटरवर कागदावर खिडकी उमटते, तीही उलटी. आता बोटांनी काचेचा अर्धा भाग झाका. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांकडून उत्तर वदवून घ्या : अर्धी खिडकी जाईल की नाही? कॉलेजातली मुलंसुद्धा इथे ‘अर्धी जाईल’ म्हणतात. जात नाही, खिडकी अख्खीच राहते, नुसती मंद होते. खिडकीच्या प्रत्येक ठिपक्यातून उजेड चहूकडे निघालेला असतो आणि काचेच्या प्रत्येक भागावर पोचलेला असतो. ज्याला हे उमगलं, त्याला दहावीतलं भिंगांचं प्रकरण जड जाणार नाही.

ह्याच चष्म्यावरून एक घरगुती गोष्ट बोलते. ‘नजर कमी झाली’ असं आपण म्हणतो, आणि मुलांना वाटतं की आपल्या डोळ्यांतली काहीतरी शक्ती आटली. मग फळ्यावरचं दिसत नसलं तरी पोर सांगत नाही, शेजारच्याच्या वहीतून उतरवतं. मुलीच्या बाबतीत तर ‘चष्मा लागला तर पुढे कसं होणार’ ही घरातली कुजबुज तिने ऐकलेली असते. खरं तर निकटदृष्टितेत बहुधा डोळ्याचा गोल थोडा लांबलेला असतो, त्यामुळे लांबून आलेले किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. अंतर्गोल भिंग ते किरण जरा फाकवून आत पाठवतं, की चित्र जागेवर पडतं. इतकंच. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळा वाढतो, म्हणून नंबर बदलतो. दिवसातला काही वेळ मुलं घराबाहेर, मोकळ्या उजेडात असली तर निकटदृष्टिता सुरू व्हायचा धोका कमी होतो, असं पूर्व आशियातल्या अभ्यासांतून दिसलं आहे. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, तोटा आहे तो मोबाइल खाली ठेवण्याचा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तेव्हा त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नका.

अपवर्तन हा शब्द ऐकला की तुमच्यातले बरेच जण म्हणतात, ‘‘मॅडम, ते तुमचं तुम्ही बघा.’’ पण अपवर्तनाचं यंत्र तुमच्याच खिशात असतं! द्राक्षबागेत माल तयार झाला की तुम्ही मणी तोडता, रसाचे दोन थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकता, झाकण लावता, उजेडाकडे तोंड करता आणि नळीतून बघता. वर निळं, खाली पांढरं, आणि दोघांची सीमा पट्टीवर ज्या आकड्याला टेकते तो ब्रिक्स. १६ आला, १८ आला, ह्यावर व्यापाऱ्याशी घासाघीस होते. रसात साखर जास्त असली की त्यातून जाताना उजेड जास्त वळतो आणि ती सीमा सरकते. साध्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, २० ब्रिक्सच्या द्रावणाचा साधारण १.३६४. फरक नखाएवढा, पण त्यावर गाडीचा भाव ठरतो. दहावीच्या मुलाला हे यंत्र हातात द्या. आधी नुसतं पाणी टाकून शून्य बघू द्या, मग चमचा चमचा साखर घालत आकडा चढताना बघू द्या. मग यंत्राचं तोंड उजेडाकडून काढून अंधाऱ्या कोपऱ्याकडे करायला सांगा. काहीच दिसत नाही. का नाही दिसत, हे तो स्वतः सांगेल.

ह्याच अपवर्तनाने आपल्या तालुक्यात जीवही जाऊ शकतो, म्हणून हे हलक्यावर घेऊ नका. पाण्यातून बाहेर पडताना उजेड वळतो, त्यामुळे तळ आहे त्यापेक्षा वर आल्यासारखा दिसतो. अगदी वरून सरळ बघितलं, तर २० फूट पाणी १५ फुटांचं भासतं. काठावरून तिरकं बघितलं तर त्याहूनही उथळ. शेततळ्यातलं नितळ पाणी आणि खालचा काळा प्लास्टिकचा कागद बघून पोराला वाटतं, कमरेएवढंच असेल. उतरल्यावर पाय टेकत नाही आणि कागदावरून घसरत वर येता येत नाही. परातीत नाणं ठेवून हे दाखवता येतं. नाणं परातीच्या काठाआड जाईल इतकं मुलाला मागे सरकवा आणि हळूच पाणी ओता. नाणं जागचं न हलता दिसायला लागतं. मग त्याला शेततळ्याच्या कुंपणाबाहेर उभं करून सांगा, की तळही असाच फसवतो. ‘तिकडे जायचं नाही’ ह्या धाकापेक्षा हे जास्त दिवस लक्षात राहील.

हे सगळं करताना एक पथ्य पाळा. आधी मुलाला अंदाज बांधू द्या, तो मोठ्याने बोलू द्या, आणि मगच करून बघा. अंदाज चुकला की पोर चिडतं, कधी कधी डोळ्यांसमोर घडलेलंही नाकारतं. ‘मांजर त्या वेळी झोपेत होतं म्हणून चमकलं नाही’ असंही म्हणतं. हसू नका. ‘बरं, मग आता जागं असताना बघू’ म्हणा. जुनी समजूत एका झटक्यात जात नाही. तिला दहा वेळा अडचणीत आणावं लागतं. प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न एकच : उजेड कुठून निघाला, कशावर पडला आणि डोळ्यांत कसा आला? ह्याचं उत्तर तुम्हाला येत नसलं तरी चालेल. प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९२८ साली ह्याच तारखेला सी. व्ही. रामन ह्यांनी त्यांचा शोध लावला, आणि तोही उजेडाचाच होता : पारदर्शक पदार्थातून विखुरताना उजेडाचा थोडा भाग आपला रंग बदलतो. ह्या दिवशी मुलं थर्माकोलचा ज्वालामुखी आणतात, पाहुणे भाषण करतात, आणि सगळे चहा पिऊन घरी जातात. ह्या वर्षी तुम्ही या. मला माहीत आहे, तेव्हा खुडा जोरात असतो, मजूर मिळत नाहीत, व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असते. तरी अर्धा तास काढा. येताना ब्रिक्स मीटर आणा आणि आपल्या बागेतले चार मणी आणा. मुलांना त्या दिवशी अपवर्तन तुम्ही शिकवायचं. मी मागच्या बाकावर बसून ऐकेन.

तुमचीच,
विज्ञान शिकवणारी बाई